चिमूटभर खार

कोकिळाआत्याने हळदीने पिवळा झालेला तळहात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “दाखव तुझी जादू.”

मी वाटीतलं पापडखाराचं पाणी बोटावर घेतलं आणि एक थेंब तिच्या तळहातावर सोडला. हळद भिजली तिथे लालभडक टिळा उमटला. शेजारी उडदाचं पीठ चाळत बसलेल्या वच्छलाकाकूंनी चाळणी खाली ठेवली.

“हे तर कुंकू,” आत्या हाताकडे पाहत म्हणाली. “तुझ्या मामांना जाऊन बारा वर्षं झाली, आणि तू माझ्या हातावर कुंकू काढलंस.”

“तोंडावर तारुण्यपीटिका, हातावर कुंकू,” वच्छलाकाकू म्हणाल्या. “बाईचं परत लग्न करायचं मनात दिसतंय.”

मी त्याच टिळ्यावर लिंबू पिळलं. लाल रंग गेला आणि हळद पुन्हा पिवळी झाली. मग मी दोघींना समजावून सांगितलं, की खार आम्लाला मारतो आणि आम्ल खाराला मारतं, आणि हळद फक्त कोण जिंकलं ते सांगते. मला अशी प्रात्यक्षिकं करून दाखवायची फार हौस होती. आत्याने तळहात पदराला पुसला आणि विचारलं, की मग पोटात जळजळतं त्यावर चिमूटभर खार घेतला तर चालेल का. तिची आई द्यायची, ताकातून.

“चालेल की,” मी म्हणाले. “आम्ल आणि अल्कली. उरतं काय, तर मीठ आणि पाणी.”

ती तारीख सत्तावीस जानेवारी होती. मला ती पाठ आहे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. पुढच्या प्रवेशाला वर्षभर थांबावं लागणार होतं, म्हणून वडिलांनी मला सावद्याला त्यांच्या थोरल्या बहिणीकडे पाठवलं. आत्या एकटी राहायची. तिच्या घरी गल्लीतल्या सहाजणी पापड लाटायला जमत. त्यांचे पापड जळगाव-भुसावळच्या दुकानांत जात. आदल्या पावसाळ्यापासून तिला खोकला होता. दिवाळीच्या सुमाराला कळलं की उजव्या फुप्फुसात गाठ आहे आणि ती तिथेच थांबलेली नाही.

गल्लीत पहिला प्रश्न निघाला तो मिश्रीचा. आत्याने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती हे सांगायची, एखादा आरोप खोडून काढावा तसं.

जळगावच्या हॉस्पिटलात डॉक्टर काब्रांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. त्या पेशींच्या जनुकात एक ठरावीक बदल सापडला, आणि अशा बदलावर चालणारी एक गोळी होती. रोज एक, घरी बसून घ्यायची. डॉक्टर म्हणाले, गाठीला वाढण्याचा हुकूम ज्या खटक्यातून मिळतो, तोच ही गोळी दाबून धरते. बरी होईल असं ते म्हणाले नाहीत. आवरून धरता येईल म्हणाले, काही महिने, कदाचित काही वर्षं.

आत्याने त्यांचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. गोळी घेईन, पण सलाईन लावून घेणार नाही. मामांचे शेवटचे पाच महिने सलाईनखाली गेले होते आणि ते सगळे तिने खाटेशेजारच्या स्टुलावर बसून काढले होते. “गोळी चालेल तोवर चालेल,” ती म्हणाली. “ती थांबली की मी माझ्या घरी.” डॉक्टरांनी मान हलवली. तिच्या आवाजावरून मला मात्र कळलं की हे बोलणं झालेलं आहे, ते पुन्हा उघडायचं नाही.

गोळीचे नियम सिस्टरने सांगितले आणि मी वहीत लिहून घेतले. रोज एका वेळी. रिकाम्या पोटी, म्हणजे खाल्ल्यावर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या निदान तासभर आधी. कुटायची नाही, अख्खी गिळायची. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. पपनस खायचं नाही. अंगावर पुरळ येईल, जुलाब होतील, ते कळवायचं. धाप एकाएकी वाढली तर त्याच दिवशी यायचं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, दुकानातून परस्पर आणलेलंसुद्धा. आम्ही अकराची वेळ ठरवली. आठला नाश्ता, अकराला गोळी, साडेबाराला जेवण. आत्याच्या फोनमध्ये मी गजर लावून दिला.

वही मी मनापासून आखली होती. तारीख, गोळीची वेळ, वजन, खोकला, शौचाला किती वेळा, पुरळ, इतर. पुरळासाठी मी शून्य ते चार असे आकडे ठेवले. मी सकाळी नऊ ते एक फैजपूरच्या एका क्लासमध्ये विज्ञान शिकवत असे, त्यामुळे अकराला घरी नसायचे. दुपारी आल्यावर मी गोळ्यांची पट्टी उलटून किती घरं रिकामी झाली ते पाहायचे आणि टीक करायचे. एकही दिवस चुकला नाही.

पुरळ तिसऱ्या आठवड्यात आलं, नाकावर, गालांवर, छातीवर, लाल, पू धरल्यासारखं. सिस्टरने फोनवर सांगितलं की मुरुमांची क्रीमं लावू नका, उन्हात जाऊ नका, साधं मलम लावा. आणि घाबरू नका, पुष्कळदा गोळी अंगात पोचतेय याची ती खूण असते. आत्याला ते पटलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी तोंडावर पुटकुळ्या घेऊन फिरायची तिला लाज वाटे. पापड वाळत घालायला ती गच्चीवर जाईनाशी झाली. ते काम वच्छलाकाकूंनी घेतलं, आणि रविवारी मी.

जानेवारीच्या मध्यावर पहिलं स्कॅन झालं. चौतीस मिलिमीटरची गाठ एकवीसवर आली होती. डॉक्टर काब्रांनी माझी वही पानोपान चाळली आणि शेजारी बसलेल्या ज्युनिअर डॉक्टरला दाखवली. म्हणाले, पेशंटचे नातेवाईक असे असावेत. परतीच्या एसटीत आत्याने ते वाक्य कंडक्टरलासुद्धा सांगितलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी तो हळदीचा प्रयोग केला.

फेब्रुवारीत घर जरा हलकं झालं. आत्या म्हणाली, पोटातली आग थांबली. मी वहीत ‘इतर’च्या खाली लिहिलं, ‘जळजळ नाही’. दुसऱ्या आठवड्यात पुरळ उतरलं. तीनचा आकडा दोन झाला, मग एक, मग शून्य. वच्छलाकाकूंच्या पुतण्याच्या लग्नाला आत्या उघड्या तोंडाने गेली, जरीची साडी नेसून. काकू म्हणाल्या, आमच्या नवरीपेक्षा हीच उठून दिसत होती. मार्चमध्ये पापडांचा जोर सुरू झाला. रविवारी अकराला मी गच्चीवर कावळे हाकत असायचे आणि खालून गजर ऐकू यायचा. मग तो बंद व्हायचा. मला बरं वाटायचं.

मार्चअखेर खोकला पुन्हा येऊ लागला. पिठाच्या धुरळ्याने असेल, असं आम्ही म्हणालो.

चौदा एप्रिलच्या आठवड्यात दुसरं स्कॅन होतं. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारीशेजारी लावली. त्यांनी बोट ठेवायच्या आधीच मला दिसलं.

“सत्तावीस,” ते म्हणाले. “पुन्हा वाढायला लागलीय.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “गोळी कधी चुकली होती?”

मी वही पुढे केली. एकशे त्रेपन्न टिका होत्या आणि एकही चौकोन रिकामा नव्हता. दुसरं काही औषध सुरू केलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. आत्याही नाही म्हणाली. डॉक्टरांनी वही मिटली.

“तुमची वही आहे म्हटल्यावर त्याबद्दल शंका नाही,” ते म्हणाले. “मग पेशींनीच गोळीला दाद देणं सोडलं असं धरावं लागेल. इतक्या लवकर सहसा होत नाही, पण होतं.” पुढे काय करता येईल ते त्यांनी सांगितलं. आधी रक्ताची एक तपासणी, आणि दुसरी गोळी चालेल असा काही बदल त्यात निघाला नाही तर सलाईनमधून देण्याचं औषध, दर तीन आठवड्यांनी. आत्या खुर्चीत सरळ बसली होती. तिने पिशवी उचलली.

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. सिस्टर तारखा द्यायला बोलावणार होती. समोर भिंतीवर घड्याळ होतं. मी आत्याला काहीतरी धीराचं सांगायला शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिच्या पिशवीत अकराचा गजर वाजला.

तिने तो बंद केला. पिशवीतून पट्टी काढली, पाण्याची बाटली काढली आणि एक छोटी स्टीलची डबी काढली. डबी उघडून त्यातली पांढरी पूड चिमटीत धरली, बाटलीच्या झाकणातल्या पाण्यात टाकली, करंगळीने ढवळली आणि पिऊन टाकली. सगळं इतक्या सवयीने, की तिने हाताकडे पाहिलंही नाही.

“हे काय घेतलंस?” मी विचारलं.

“खार.”

“रोज घेतेस?”

“गोळीच्या आधी. रिकाम्या पोटी ती फार जाळायची. खार घेतला की सुखाने उतरते.” तिने पट्टीतून गोळी दाबून काढली. “तुला सांगितलं होतं ना, आता आग होत नाही म्हणून.”

सांगितलं होतं. मी ते लिहूनही ठेवलं होतं. मी मांडीवरची वही उघडून फेब्रुवारीचं पान काढलं. एका ओळीत ‘जळजळ नाही’ होतं. तिच्या खाली सहा ओळींवर पुरळ तीनचं दोन झालं होतं. दोन्ही माझ्याच अक्षरात, एकाच पानावर.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला हे शिकवलं होतं. काही पदार्थ आम्लात विरघळतात, आम्ल मारलं की विरघळत नाहीत, तसेच्या तसे खाली जातात. परीक्षेत मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते. गोळीबरोबरच्या माहितीपत्रकात आम्लपित्ताच्या औषधांबद्दल एक परिच्छेद होता, तो मी वाचला होता आणि आपल्याकडे असलं औषध कुणी घेत नाही म्हणून सोडून दिला होता. खार औषधांच्या डब्यात नव्हता. तो स्वयंपाकघरात, बरणीत होता.

मी हे सगळं आत्याला सांगितलं, जमेल तितक्या कमी शब्दांत. ती गोळी तळहातावर घेऊन ऐकत होती.

“म्हणजे गोळी पोटात जात होती, पण अंगाला लागत नव्हती,” ती म्हणाली.

“कदाचित. पूर्ण नाही, पण बरीचशी.”

“मग डॉक्टरांना मी सांगते. म्हणते, अडाणी बाई, कुणाला न विचारता घेत होते.”

“मला विचारलं होतंस तू.”

“ते आपल्यात झालं. त्यांना कशाला?” तिने आवाज खाली आणला. “हेमे, तुझ्या वहीचं त्या माणसाने चारचौघांत कौतुक केलंय. तुझ्या बापालाही मी सांगितलंय. एका चिमटीपायी ते घालवू नको.”

मी लगेच उठले असं सांगायला मला आवडलं असतं. उठले नाही. तिने सुचवलेल्या वाटेवर मी विचार केला. डॉक्टरांना खार कळला की पुरे, ‘चालेल की’ हे दोन शब्द त्यांना कळायची काय गरज, असं मी स्वतःला विचारलं, आणि त्यात तथ्य आहे असं मला वाटलंही. किती वेळ ते मला माहीत आहे, कारण घड्याळ समोर होतं. चार मिनिटं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी आत्याने तळहात माझ्यापुढे धरला. त्यावर गोळी होती.

“पोटात खार गेलाय,” ती म्हणाली. “मग आता ही घेऊ की नको?”

पाच महिने तिने मला असंच सगळं विचारलं होतं. दुधातून चालेल का, प्रवासात काय करू, उलटी झाली तर परत घेऊ का. प्रत्येक वेळी मी उत्तर दिलं होतं, बहुतेक बरोबर. आता ती मान किंचित कलती करून वाट पाहत होती, आणि आत्ताच झालेल्या सगळ्यानंतरही मी जे म्हणेन ते ती करणार होती.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले. “विचारावं लागेल.”

मी दार ढकलून आत गेले. आत्या मागून आली, गोळी मुठीत धरून.

डॉक्टरांसमोर दुसरा पेशंट होता. त्यांनी आम्हाला थांबायची खूण केली, पण मी तशीच उभी राहिले, म्हणून त्यांनी त्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं. मी खाराचं सांगितलं. त्यांनी किती, केव्हा, गोळीच्या किती आधी, असं एकेक विचारलं. मग आत्याकडे वळले. “हे कुणी सुचवलं तुम्हाला?”

“माझ्या आईचं औषध आहे ते,” आत्या म्हणाली. “माझं मीच...”

“तिने मला विचारलं होतं,” मी म्हणाले. “मी चालेल म्हणाले. सत्तावीस जानेवारीला.”

डॉक्टरांनी रागवावं असं मला वाटत होतं. त्यांनी वही मागितली, फेब्रुवारीचं पान शोधलं आणि पुरळाच्या आकड्यांवरून पेन खाली नेलं.

“पुरळ आपलं आपणही उतरतं,” ते शेवटी म्हणाले. “आणि गाठ खारामुळेच वाढली असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण गोळी नीट पोचतच नसेल, तर ती हरली असंही आज म्हणता येणार नाही.” त्यांनी सलाईनच्या तारखांचा कागद बाजूला सरकवला. “सहा आठवडे. खार बंद. रक्त आजच देऊन जा. सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन, त्यातही वाढ दिसली तर मात्र सलाईनबद्दल बोलावं लागेल. खोकला किंवा धाप वाढली तर थांबू नका, आधीच या.”

जळजळीसाठी त्यांनी एक औषध लिहून दिलं, ते रात्री घ्यायचं, गोळीपासून लांब. आत्याने मूठ उघडून तिचा प्रश्न त्यांनाच विचारला. ते म्हणाले, आज चारला घ्या, जेवणानंतर दोन तास गेले की. उद्यापासून परत अकरा.

वही परत देण्याआधी त्यांनी फूटपट्टी घेतली आणि ‘इतर’च्या पुढे एक नवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘औषध नसलेलं’.

परतीच्या एसटीने भुसावळ सोडल्यावर आत्याने पिशवीतून ती डबी काढली, खिडकीबाहेर उपडी केली आणि रिकामी डबी पुन्हा पिशवीत ठेवली.

“खाराला काय ठाऊक,” ती म्हणाली, “तो पापडात गेलाय की पोटात.”

पुढचे दिवस मी तिच्या चेहऱ्याकडे चोरून पाहायचे. तिला ते कळायचं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, पिठासारखं काय न्याहाळतेस, अजून फुगलेलं नाही. वच्छलाकाकूंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी पापडखाराची बरणी उचलून स्वतःच्या घरी नेली आणि त्या उन्हाळ्यात पीठ तिथूनच भिजवून आणलं.

अकराव्या दिवशी सकाळी आत्याने मला मोरीजवळच्या आरशापाशी हाक मारली. नाकाच्या शेंड्यावर एक लाल पुटकुळी होती, नुकती वर आलेली. तिने ती बोटाने चाचपून पाहिली, मग माझं बोट धरून तिथे टेकवलं.

“आली बघ,” ती म्हणाली. “लिही.”

मी लिहिलं. पुरळ, एक.

मेअखेरच्या स्कॅनमध्ये गाठ बावीस होती. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू ठेवू. वहीबद्दल ते काही बोलले नाहीत. गोळी चालली दोन वर्षं आणि चार महिने, तेवढ्यात पापडांचे आणखी दोन हंगाम तिने पाटावर बसून काढले. मग गोळी खरोखरच थांबली. दुसरी कुठली लागू नव्हती. सलाईन तिने लावून घेतलं नाही. ती घरीच गेली.

त्या स्कॅननंतर जूनमध्ये मी एम.एस्सी.ला पुण्याला आले तेव्हा वही तिच्याकडे ठेवली होती. आता ती माझ्याकडे आहे. माझे रकाने तिने बहुतेक सोडून दिले. वेळ आणि टीक तेवढी रोज आहे. पण डॉक्टरांनी आखलेला तो शेवटचा रकाना मात्र तिने काठोकाठ भरला आहे, सातवीपर्यंत शिकलेल्या मोठ्या गोल अक्षरात. ‘लिंबू अर्धं.’ ‘वच्छलाचा काढा, घेतला नाही, मोरीत ओतला, तिला सांगू नये.’ ‘लग्नात बासुंदी, गोळीच्या तीन तास आधी.’ कधीकधी नुसतंच, ‘काही नाही.’

मी गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक नोंद आहे. तिला चार ओळी लागल्या, म्हणून तिने शेजारच्या रकान्यातही लिहिलं आहे.

‘शेवग्याच्या पाल्याची भाजी चालते का, हेमाला फोनवर विचारलं. म्हणाली, मला माहीत नाही, डॉक्टरांना विचार. विचारलं. चालते. खाल्ली.’